चांदीवरचा उजेड

कोल्हापूर सोडून गडमुडशिंगीच्या वाटेने निघाले की तासाभराच्या आत हुपरी येते. हातकणंगले तालुक्यातील हे गाव उसाच्या शिवारात वसलेले असले, तरी त्याची ओळख उसाची नाही, चांदीची आहे. गावात पाऊल टाकताच आधी कान सावध होतात. ओसरीवर, माडीवर, पत्र्याच्या शेडमध्ये कुठे लहान हातोडीची टकटक चालू असते, तर कुठे पॉलिशच्या यंत्राची घरघर. एका घरी तार ओढली जाते, दुसऱ्या घरी त्या तारेच्या कड्या होतात, तिसऱ्या घरी घुंगरू लागतात, चौथ्या घरी सांधे झाळले जातात. एक पैंजण पुरे होईपर्यंत कित्येक उंबरे ओलांडतो. या गावात जैन घरांची वस्ती जुनी आहे. शेती आणि चांदीचा व्यापार ही दोन्ही अंगे सांभाळणारी कुटुंबे येथे आजही आढळतात.

अशाच एका कुटुंबातील कर्त्या पुरुषाला सारे गाव अण्णा म्हणते. वय पासष्टीच्या घरात. चांदी नुसती हातात घेऊन टंच सांगावा, अशी त्यांची ख्याती. कसोटीवर उतरल्यावर त्यांचा अंदाज क्वचितच चुके. पेढी वडिलांच्या काळापासूनची. माल विकण्याची रीत साधी होती. मुलगा महिन्यातील पंधरा दिवस नमुन्यांची पेटी घेऊन फिरतीवर जाई, गिऱ्हाइकापुढे मखमलीवर पैंजण मांडी, गिऱ्हाईक ते हातात तोलून पाही आणि मागणी लिहून देई.

गेल्या काही वर्षांत ही रीत मोडली. व्यापारी आता आधी फोटो मागतात. फोटो मनास आला तरच पेटी उघडायला सांगतात. आणि चांदीचा फोटो काढणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे ज्याने काढून पाहिला त्यालाच ठाऊक. सून मोबाईलवर फोटो काढी. त्यात पैंजण कधी काळा दिसे, कधी स्टीलच्या पळीसारखा निस्तेज, तर कधी इतका पांढरा की नक्षीच पुसली जाई. एकदा तर पैंजणाच्या रुंद पट्टीत खुद्द सुनेचा चेहरा आणि मागचा पंखा स्पष्ट उमटला होता. एका व्यवसायी छायाचित्रकाराला काम देऊन पाहिले. फोटो बरे आले, पण महिनाभरात त्याच घडणीचे नमुने दुसऱ्या पेढीच्या यादीत दिसू लागले. पुरावा काही नव्हता. अण्णांनी वाद घातला नाही. फक्त त्या गृहस्थाला पुन्हा बोलावले नाही. अखेरीस इंदूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने चाळीस जोडांची मागणी रद्द केली. कारण कळवले ते एका ओळीत: माल स्टीलसारखा दिसतो. ज्या पेढीने तीस वर्षे त्या घराला टंचाबद्दल एक शब्द बोलण्याची वेळ येऊ दिली नव्हती, तिच्या मालाला हे ऐकावे लागले. मागणी गेल्याचे अण्णांना फारसे वाटले नाही. त्या वाक्याने मात्र त्यांना दोन रात्री झोप लागली नाही.

सुनेला कोल्हापुरातील कार्यशाळेची माहिती मिळाली ती याच सुमारास. फ्लॅशच्या प्रकाशात छायाचित्रण कसे करावे हे दोन दिवसांत शिकवणार होते, ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीला. अण्णा आधी हसले. म्हणाले, “या वयात पाटी-दप्तर घेऊन जायचं काय, पोरी?”

ती म्हणाली, “अण्णा, तुम्ही चांदी ओळखता, मी कॅमेरा ओळखते. दोघं मिळून एक विद्यार्थी होईल.”

हा हिशेब अण्णांना पटला.

कोल्हापूर त्यांना नवे नव्हते. दसरा चौकातील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये त्यांची महाविद्यालयाची दोन वर्षे गेली होती. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली सुरू झालेल्या या बोर्डिंगने दक्षिण महाराष्ट्रातील किती शेतकरी-व्यापारी घरांतील मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, त्याची मोजदाद करणे कठीण. कर्मवीर भाऊराव पाटीलही विद्यार्थिदशेत येथेच राहिले होते. एस.टी.तून उतरल्यावर अण्णांनी सुनेला मुद्दाम त्या बाजूने नेले. आपली खोली कोणती ते बोटाने दाखवले, आणि पहाटेच्या थंड पाण्याच्या आंघोळीची आठवण सांगून पुढे झाले.

प्रकाश शिकायला कोल्हापुरासारखे गाव नाही, असे म्हटले तर ती निव्वळ स्थानिक अभिमानाची गोष्ट ठरू नये. बाबूराव पेंटर यांनी या शहरात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिव्यांचा वापर केला. त्या वेळी बहुतेक चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चाले. ढग आला की काम थांबे. खरी कॉर्नरजवळ आज जो कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो याच कर्तृत्वाची खूण. कोल्हापूरकर त्याला कॅमेरा मानस्तंभ म्हणतात. मंदिरापुढच्या मानस्तंभाला नमस्कार करत वाढलेल्या माणसाला हे नाव ऐकून क्षणभर थबकायला होते. अण्णाही थबकले, आणि मग नकळत त्यांनी पायातली वहाण जराशी मागे सारली.

कार्यशाळा गुजरीच्या अलीकडे एका जुन्या इमारतीच्या माडीवर होती. गुजरी ही कोल्हापूरची सराफपेठ, म्हणजे अण्णा आपल्याच पेठेच्या दारात शिकायला बसले होते. वीसेक विद्यार्थी जमले होते. त्यांत लग्नाचे फोटो काढणारे तरुण सर्वाधिक. एक दंतवैद्य होते; त्यांना तोंडाच्या आतील फोटो नीट काढायचे होते. केक विकणाऱ्या एक बाई होत्या. इचलकरंजीचा एक जैन युवक होता. चातुर्मासातील कार्यक्रमांचे फोटो काढण्याचे काम त्याच्याकडे असे. शिकवणारे सर मुंबईत जाहिरातींचे छायाचित्रण करून परतलेले, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी पहिल्या तासाला कॅमेरे पिशवीतून काढूच दिले नाहीत.

आधी थोडा इतिहास झाला. १८५१ साली इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी विजेच्या ठिणगीच्या उजेडात, गरगर फिरणाऱ्या चाकावर लावलेल्या वृत्तपत्राच्या कागदाचे छायाचित्र घेतले आणि त्यावरील अक्षरे वाचता आली. पुढे मॅग्नेशियमची तार जाळून उजेड पाडण्यात येऊ लागला. १८८७ साली जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची स्फोटक पूड तयार केली. एकदम भडका, डोळे दिपवणारा उजेड आणि मागोमाग धुराचा लोट. याच पुडीच्या बळावर जेकब रीस यांनी न्यू यॉर्कच्या अंधाऱ्या चाळींतील गरिबांचे जिणे टिपले आणि १८९० साली ते पुस्तकरूपाने जगापुढे मांडले. १९३०च्या सुमारास काचेचे बल्ब आले, आणि त्याच दशकात अमेरिकेत एजर्टन यांनी विजेच्या फ्लॅशला आजच्या वळणावर आणले. आता कॅमेऱ्यावर बसणाऱ्या मुठीएवढ्या पेटीत वीज साठते आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास, कमी ताकदीवर तर त्याहूनही कमी वेळात, उजेड होऊन मावळतो.

छायाचित्रणाच्या इतिहासात आपल्या समाजाचेही एक नाव मानाने घेतले जाते, हे येथे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार होते आणि १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. त्या काळचे स्टुडिओ काचेच्या छपराखाली असत. उत्तरेकडून येणारा शांत, सारखा उजेड हाच त्यांचा दिवा. सरांनी हे सांगितले तेव्हा अण्णांनी सुनेकडे पाहिले. ती वहीत लिहून घेत होती.

मग आला गणिताचा भाग. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ज्याला कमी होत जाणाऱ्या शिलकीवरचा घसारा म्हणतात, त्याहून हा हिशेब कठोर आहे. दिव्याचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. अंतर तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. म्हणून फ्लॅश जवळ असला की पुढचा माणूस चुन्यासारखा पांढरा आणि मागचा कोळशासारखा काळा होतो. लग्नाच्या कित्येक फोटोंत नवरानवरी उजळ आणि मागचे मामा-मावशी अंधारात असतात ते यामुळेच.

हे समजावताना सरांनी दाखला दिला तो त्या संध्याकाळचाच. जानेवारीअखेरीस आणि नोव्हेंबरात अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी ती चरणांवर पडतात, दुसऱ्या दिवशी वर सरकतात, तिसऱ्या दिवशी मुखावर. ३१ जानेवारी हा पहिला दिवस. “सूर्य इतका दूर आहे,” सर म्हणाले, “की महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतचं अंतर त्याच्या हिशेबात धरण्याजोगं नाही. म्हणून उंबऱ्यावरचा किरण आणि गाभाऱ्यातला किरण सारख्याच तेजाचा. तुमचा फ्लॅश दोन फुटांवर असतो. त्याच्या हिशेबात एक फूट म्हणजे फार मोठी तफावत.” ज्यांनी ही रचना केली त्या जुन्या स्थपतींना हे सूत्र आकड्यांत ठाऊक असेल वा नसेल, पण उजेड कुठून कुठे जातो हे त्यांनी अचूक जाणले होते, एवढे निश्चित.

दुपारनंतर इचलकरंजीच्या युवकाने एक प्रश्न विचारला, आणि तो ऐकून अण्णा सावरून बसले. प्रवचनाच्या वेळी, साधू-साध्वींसमोर फ्लॅश कसा वापरावा? सरांना प्रश्नाचा रोख कळला नाही. तेव्हा अण्णांनीच उलगडा केला. अनेक साधू-साध्वी विजेचा उपयोग अग्निकायाच्या हिंसेत धरतात. त्यांच्या सान्निध्यात ध्वनिक्षेपकही लावत नाहीत. फोटोच्या हव्यासापायी त्यांच्या समोर उजेडाचा भडका करणे हा अविनय होय. सरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग तिथं फ्लॅश पिशवीतच ठेवायचा. खिडकीच्या बाजूला बसायचं, भिंग पूर्ण उघडायचं, कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवायची. फोटोत थोडे दाणे येतील. येऊ देत.” त्या युवकाने कबूल केले की गेल्या चातुर्मासात मंडळाच्या आग्रहावरून त्याने चार-पाच वेळा फ्लॅश मारला होता आणि महाराजांनी काही न बोलता नुसते डोळे मिटून घेतले होते. ते दृश्य त्याच्या मनातून जात नव्हते.

वर्ग साडेसहापर्यंत चालणार होता आणि सूर्यास्ताची वेळही साधारण तीच. अण्णांचे रात्रिभोजन वर्ज्य. सहा वाजता सुनेने डबा उघडला, त्यात दशम्या आणि चटणी होती. जिन्याच्या पायरीवर बसून दोघांनी जेवण उरकले. खाली रस्त्यावर मंदिराकडे निघालेल्या माणसांची रीघ लागली होती.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापली वस्तू आणायची होती. सुनेने पेढीचे दोन नवे पैंजण घेतले. अण्णांनी निघताना कपाटातून एक जुना जोड काढून रुमालात बांधला. तो त्यांच्या आईचा. वडिलांनी लग्नात स्वतःच्या हाताने घडवलेला. ग्रॅम-किलोची मापे देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. हा जोड त्याआधीचा. आई गेल्यावर तो कोणी पायात घातला नव्हता. मोडीत घालावा, असे घरात एक-दोनदा निघाले होते.

वाचकांपैकी ज्यांचा व्यवसाय भांड्यांचा वा दागिन्यांचा आहे, त्यांनी पुढचा भाग सावकाश वाचावा, कारण चांदीचे सारे मर्म यात आले. चांदीला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतो. ती आरसा आहे. समोर जे असेल ते ती दाखवते. काळ्या शर्टाच्या माणसाने फोटो काढला तर चांदी काळी, हिरव्या भिंतीच्या खोलीत काढला तर हिरवट. फ्लॅश सरळ तिच्यावर मारला तर एका ठिकाणी पांढराशुभ्र डाग आणि बाकी सारे काळे. म्हणून उजेड चांदीवर टाकायचाच नाही. तो चांदीच्या भोवताली टाकायचा. सरांनी पैंजणाभोवती बटर पेपरचा तंबू उभारला. फ्लॅश त्या कागदाच्या बाहेर, बाजूला ठेवला. दुसऱ्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तुकडा लावला. आता चांदीला दिसत होता तो फक्त उजळलेला पांढरा कागद, आणि तेच तिने दाखवले. पैंजण पांढराशुभ्र झाला, पण सपाट, जणू कागदाचाच कापला आहे. मग सरांनी काळ्या पुठ्ठ्याच्या दोन अरुंद पट्ट्या चिमट्याने दोहो बाजूंस धरल्या. त्यांचे प्रतिबिंब कडांवर उमटले आणि क्षणात पैंजणाला गोलाई आली, कड्या सुट्या झाल्या, घुंगरू मोजता येऊ लागले.

अण्णा पहिल्यांदाच पुढे झुकले. म्हणाले, “उजेडानं नव्हे, काळ्या पट्टीनं चांदी दिसली.”

खोलीतले दिवे आधीच बंद केले होते. ट्यूबलाइटचा उजेड आणि फ्लॅशचा उजेड एकत्र आले तर रंग बिघडतो. सुनेचा कॅमेरा आता सरावाला लागला. शटरचा वेग दोनशेच्या पुढे नेला तेव्हा फोटोत खाली काळी पट्टी आली. फ्लॅश झाला तेव्हा पडदा पूर्ण उघडा नव्हता. तिने वेग कमी केला, भिंगाचे तोंड लहान केले. अण्णा पट्ट्या इकडेतिकडे हलवत होते. दोघांत बोलणे थोडे होत होते: “जरा डावीकडे.” “पुरे, अण्णा.” “आता घे.”

एका फोटोत पेचाजवळचा सांधा ठळक दिसत होता. झाळल्याची बारीक रेघ. सरांनी सहज दाखवले की कागद थोडा पुढे घेतला तर त्यावरचा उजेड रेघेवरून सरसकट पसरतो आणि सांधा दिसेनासा होतो. जाहिरातीत असेच करतात, ते म्हणाले. सून खूष झाली. अण्णांनी कागद पुन्हा मागे सरकवला.

“सांधा आहे ना? मग दिसू दे.”

“पण अण्णा, गिऱ्हाईक विचारील.”

“पेटी उघडल्यावर विचारलंच असतं. आता दोन दिवस आधी विचारील.”

ती काही बोलली नाही. तिला हे पटले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. आणि खरे पाहता तिचेही चूक नव्हते. चाळीस जोडांची मागणी गेलेल्या पेढीच्या हिशेबाच्या वह्या आता तीच लिहीत होती.

शेवटी रुमाल सुटला. आईचा जोड तंबूत ठेवल्यावर चांगला दिसला, पण गुळगुळीत. नक्षी जवळजवळ झिजली होती. सरांनी तंबू काढून टाकला, खोली अंधारी केली आणि एकच फ्लॅश टेबलाच्या अगदी बाजूला, पृष्ठभागाला घासून जाईल असा आडवा ठेवला. तिरप्या उजेडात लहानात लहान उंचसखल भागाचीही सावली पडते. जुने शिलालेख वाचणारे हीच युक्ती करतात. फोटो पडद्यावर आला. हातोडीचे बारीक घाव एकामागून एक ओळीने उमटले होते. अण्णांनी ते ओळखले. वडील डावखुरे होते. घाव उजवीकडे कलत. आणि पट्टीच्या आतल्या बाजूस, जिथे इतक्या वर्षांत कोणाची नजर गेली नव्हती, तिथे ठोकलेले दोन अंक दिसले: २८.

अण्णांनी काही वेळ त्याकडे नुसते पाहिले. मग म्हणाले, “तोळे.”

अठ्ठावीस तोळे म्हणजे सुमारे ३२६ ग्रॅम. गुजरीतला एक ओळखीचा सराफ रविवार असूनही घरीच होता. जेवणाच्या सुट्टीत अण्णा त्याच्या काट्यावर जोड ठेवून आले. काट्याने ३०९ दाखवले. सतरा ग्रॅम कमी, म्हणजे जवळजवळ दीड तोळा. दीड तोळा चांदी कुठे गेली, हे विचारायला नको होते. ती हुपरीच्या घरातील शेणाने सारवलेल्या जमिनीवर, मंदिराच्या पायऱ्यांवर, विहिरीच्या वाटेवर, आणि दर दिवाळीला चिंचेने घासताना गेली होती. वर्गात परतल्यावर अण्णांनी आकडा सुनेला सांगितला. तिने तो वहीत लिहिला, आणि फोटोवर एक बोट ठेवून विचारले, “हा यादीत घालायचा नाही ना?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “पण फोटो मोठा काढून आण.”

हुपरीला परतल्यावर पेढीच्या मागच्या खोलीत बटर पेपरचा तंबू उभा राहिला. फ्लॅश, त्याचे स्टँड आणि कॅमेऱ्यातून त्याला इशारा देणारे यंत्र, सारे वापरलेले विकत घेतले. खर्च एका पैंजण-जोडाच्या किमतीत बसला. भिंत पांढरी करून घेतली. अण्णा आता फोटोच्या वेळी पांढरा सदरा घालतात. रंगीत सदऱ्याची छाया चांदीत उतरते म्हणून. काळ्या पट्ट्या अजूनही तेच धरतात. सुनेचा हात बसला आहे. दिवसाला वीस-पंचवीस नगांचे फोटो होतात. घडणीचा नमुना दुसऱ्याच्या हाती जाण्याची धास्तीही राहिली नाही.

इंदूरला नव्या मालाचे बारा फोटो गेले. सांध्याची रेघ त्यांतल्या प्रत्येकात दिसते. चौथ्या दिवशी उत्तर आले. माल सुंदर आहे, असे लिहून त्या गृहस्थांनी विचारले होते की पेचाजवळ ही रेघ कसली. सुनेने मोबाईल अण्णांपुढे धरला. अण्णांनी चष्मा चढवला, सांगितले तसे तिने टंकले: सांधा आहे, टंच तोच आहे, हवे तर एक जोड तोडून पाहावा, त्याचे पैसे लावणार नाही. मग उन्हे कलली होती म्हणून दोघे दुकान आवरायला लागले.